बिननावाची गोळी

दमा, आमवात, ल्युपस, लहान मुलांचा नेफ्रोटिक सिंड्रोम, पेम्फिगससारखे त्वचारोग, कुष्ठरोगात मज्जातंतूंना येणारी सूज, अशा अनेक दीर्घ आजारांत स्टेरॉइड हेच रुग्णाला अंथरुणातून उठवणारे औषध असते. तेच औषध महिनोन्‌महिने घेणाऱ्याचा चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, झोप उडते. या दुष्परिणामांबद्दल आपल्याकडे दोनच प्रकारे बोलले जाते. एक तर ‘स्टेरॉइड म्हणजे विष, हातही लावू नका’ असे सांगितले जाते, नाही तर ‘काही होत नाही, आराम पडतोय ना’ म्हणून विषय मिटवला जातो. दोन्ही उत्तरांनी रुग्णाचे नुकसान होते. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांना होणारा बराचसा त्रास टाळता येतो किंवा आटोक्यात ठेवता येतो, हे वैद्यकाने दाखवून दिले आहे. पण त्यासाठी रुग्णाला तीन गोष्टी माहीत असाव्या लागतात: गोळीचे नाव, तिचा डोस आणि ती किती दिवस घ्यायची. ही तीन उत्तरे ज्याच्याकडे नाहीत, त्याला स्वतःची काळजी घेता येत नाही आणि पुढच्या डॉक्टरलाही त्याला वाचवणे अवघड जाते. म्हणून हिंगोलीसारख्या जिल्ह्यात स्टेरॉइडच्या दुष्परिणामांवरचा पहिला उपाय म्हणजे कागदावर स्पष्ट लिहिलेले औषधाचे नाव, असे माझे ठाम मत आहे.

हिंगोलीचाच विचार करायला कारण आहे. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झालेला हा जिल्हा. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके, २०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाखांच्या आसपास लोकसंख्या आणि त्यातले बहुतेक लोक खेड्यांत राहणारे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ती हळद खणायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची, म्हणजे महिनोन्‌महिने वाकून, बसून, ओझी उचलून काम करायचे. सोयाबीन आणि कापसाचेही तेच. अशा ठिकाणी सांधे धरले की मजुरी बुडते, आणि मजुरी बुडू नये म्हणून लवकर आराम देणारे औषध हवे असते. आमवाताचे किंवा अंतःस्रावी ग्रंथींचे तज्ज्ञ गाठायचे तर बहुतेकदा नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरचा रस्ता धरावा लागतो. तज्ज्ञाकडे एकदा जाऊन आणलेली चिठ्ठी मग वर्षानुवर्षे दुकानात दाखवली जाते. तज्ज्ञाने दोन महिन्यांसाठी लिहिलेला डोस दोन वर्षे चालू राहतो, कारण तो कधी कमी करायचा हे विचारायला परत जाण्याइतके पैसे आणि दिवस हाताशी नसतात. यात रुग्णाचा हलगर्जीपणा कमी आणि अंतर, खर्च व न मिळालेली माहिती यांचा वाटा मोठा आहे.

हे औषध नेमके काय करते, ते समजून घेतले तर पुढचे सगळे सोपे होते. आपल्या मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क नावाच्या दोन छोट्या ग्रंथी रोज कॉर्टिसॉल तयार करतात. रक्तदाब, साखर, आजारपणाचा ताण पेलण्याची ताकद हे सगळे त्यावर अवलंबून असते. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला याच जातीचे कॉर्टिसोन टोचले आणि काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० मध्ये हेंच, केंडाल आणि राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण तोवर हेही दिसू लागले होते की औषध थांबवले की आजार परत येतो आणि चालू ठेवले की शरीर दुसरीकडून बिघडते. स्टेरॉइड सूज दाबते. सूज आणणाऱ्या आजाराचे मूळ बहुतेक वेळा जागेवरच राहते. निरोगी शरीर दिवसभरात जेवढे कॉर्टिसॉल बनवते, ते साधारण पाच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या ताकदीचे असते. आजार भडकला की डॉक्टर त्याच्या कितीतरी पट डोस देतात आणि तो देणे योग्यही असते. डेक्सामेथासोन आणि बीटामेथासोन तर त्याहून जहाल. त्यांची अर्ध्या मिलिग्रॅमची इवलीशी गोळी साधारण तीन-चार मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या बरोबरीची असते. त्यामुळे ‘बारीकशीच गोळी आहे’ या समजुतीला काही अर्थ नाही.

स्टेरॉइडपासून दोन दिशांनी धोका येतो आणि लोकांना त्यातला एकच माहीत असतो. जास्त घेतल्याने त्रास होतो हे सगळे ऐकून असतात. एकदम बंद केल्यानेही जीव जाऊ शकतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे काम थांबवतात. तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ औषध चालले असेल, तर ते थांबवताना डोस टप्प्याटप्प्याने उतरवावा लागतो, म्हणजे ग्रंथींना पुन्हा जागे व्हायला वेळ मिळतो. कोणी शेजाऱ्याने घाबरवले, गोळ्या संपल्या, ऊसतोडीला किंवा शहरात कामाला गेल्यावर दुकान सापडले नाही, की रुग्ण औषध एका दिवसात सोडतो. मग गळून जाणे, चक्कर, उलट्या, पोटदुखी, रक्तदाब घसरणे, कधी बेशुद्धी. मराठवाड्याच्या एप्रिल-मे महिन्यांत अशी लक्षणे असलेल्या माणसाला ‘ऊन लागले’ म्हणून कांदा लावून सावलीत झोपवले जाण्याची शक्यता मोठी आहे. दवाखान्यात नेले तरी सलाईन लावले जाईल, पण त्याला तातडीने हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन हवे आहे हे डॉक्टरला सुचण्यासाठी तो स्टेरॉइडवर होता हे कोणीतरी सांगितले पाहिजे. आपण काय घेत होतो हे ज्याला स्वतःलाच माहीत नाही, तो ते कसे सांगणार? मोठा ताप, अपघात, शस्त्रक्रिया अशा वेळी शरीराला नेहमीपेक्षा जास्त कॉर्टिसॉल लागते, म्हणून दीर्घकाळ स्टेरॉइडवर असलेल्याचा डोस त्या दिवसांत डॉक्टर वाढवतात. तेव्हाही नाव आणि डोस कळल्याशिवाय काहीच करता येत नाही.

आता रोजच्या दुष्परिणामांकडे वळू. प्रेडनिसोलोनची गोळी बहुधा सकाळी नाश्त्यानंतर घ्यायला सांगतात. त्याने पोटाची जळजळ कमी होते आणि रात्रीची झोपही कमी बिघडते. सकाळी घेतलेल्या डोसाने साखर वाढते ती दुपारी आणि संध्याकाळी. पहाटेची उपाशीपोटीची साखर अनेकदा ठीकच येते. म्हणून स्टेरॉइड घेणाऱ्याने केवळ उपाशीपोटी तपासणी करून निर्धास्त होऊ नये. दुपारच्या जेवणानंतरची साखर पाहिली तरच खरे चित्र कळते. आरोग्य शिबिरात रक्त घेणाऱ्याला ‘मी स्टेरॉइड घेतो’ एवढे सांगितले तरी तपासणीचा अर्थ बदलतो. अंगात पाणी साठते आणि रक्तदाब चढतो, तेव्हा लोणचे, पापड, खारवलेल्या मिरच्या आणि भाकरीच्या पिठातले जादा मीठ कमी करावे लागते. भूक वाढते, पण ती भजी-शेव-फरसाणावर भागवली तर वजन आणि साखर दोन्ही हाताबाहेर जातात. ज्वारीची भाकरी, भरपूर पालेभाजी, तुरीचे किंवा मुगाचे वरण, ताक, शक्य असेल त्यांना अंडे, हा आपल्या घरातलाच आहार इथे उपयोगी आहे. चेहऱ्यावर आलेला गोलसरपणा बहुतेकांचा डोस उतरल्यावर हळूहळू ओसरतो, हे रुग्णाला आधीच सांगायला हवे. विशेषतः तरुण मुली आरशात बदललेला चेहरा पाहून गोळी फेकून देतात, आणि औषध एकदम बंद होण्याचा धोका तिथेच सुरू होतो.

हाडांचे नुकसान डोळ्यांना दिसत नाही म्हणून ते जास्त घातक. हाडे सर्वांत वेगाने झिजतात ती उपचाराच्या पहिल्या तीन ते सहा महिन्यांत. त्यामुळे ‘पुढे बघू’ म्हणण्यात मोलाचा काळ निघून जातो. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की दिवसाला अडीच मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन तीन महिन्यांहून जास्त चालणार असेल, तर हाडे मोडण्याचा धोका तपासावा आणि आहार व गोळ्या मिळून रोज हजार ते बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम व पुरेसे ड जीवनसत्त्व मिळेल असे पाहावे. चालणे, उठबस, थोडे वजन उचलणे यांनी हाडे आणि मांड्यांचे स्नायू टिकतात. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागू लागला, तर ती म्हातारपणाची खूण समजून सोडून देऊ नये. चालताना जांघेत दुखू लागले तर त्याहून जास्त सावध व्हावे. स्टेरॉइडमुळे मांडीच्या हाडाच्या गोलकाचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये ते दिसतही नाही. त्या दुखण्यावर आणखी एक दुखण्याचे इंजेक्शन घेतले आणि त्यातही स्टेरॉइड असले, तर ज्याने खुबा बिघडवला तेच औषध पुन्हा शरीरात जाते. मोतीबिंदू आणि काचबिंदूसाठी वर्षातून एकदा डोळे तपासून घ्यावेत, आणि स्टेरॉइडसोबत डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, कारण दोन्ही मिळून जठरात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

स्टेरॉइड शरीराची लढण्याची ताकद कमी करते आणि संसर्गाची लक्षणेही झाकून टाकते. साधा ताप अंगावर काढणे हे स्टेरॉइड घेणाऱ्याला परवडत नाही. आपल्याकडे क्षयरोग अजून घरोघरी माहीत असलेला आजार आहे आणि शरीरात निपचित पडलेले त्याचे जंतू स्टेरॉइडमुळे पुन्हा उठू शकतात. म्हणून दोन आठवडे खोकला, वजन घटणे किंवा रात्रीचा घाम असेल तर थुंकी तपासून घेतलीच पाहिजे. मोठ्या डोसवर असलेल्या मुलाला जिवंत जंतूंची लस देण्याआधी त्याच्या आईने लसीकरणाच्या दिवशी परिचारिकेला औषध दाखवावे. मनावर होणारा परिणाम तर आपल्याकडे औषधाच्या खात्यावर मांडलाच जात नाही. चिडचिड, रडू येणे, रात्र-रात्र झोप न लागणे, क्वचित भ्रम होणे, हे सगळे मोठ्या डोसने होऊ शकते. घरच्यांना हे ठाऊक नसेल तर माणूस बिघडला किंवा बाहेरचे काही झाले असे समजून त्याला भगताकडे नेले जाते. औषधाने असे होऊ शकते आणि डोस बदलल्यावर ते कमी होते, एवढे एक वाक्य डॉक्टरने सांगितले असते तर घरातले कितीतरी कलह टळले असते.

योग्य वेळ, योग्य डोस आणि योग्य लक्ष यांनी काय फरक पडतो, याचा सगळ्यांनी पाहिलेला पुरावा कोविडच्या दोन वर्षांत आहे. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवले की रोज सहा मिलिग्रॅम डेक्सामेथासोन जास्तीत जास्त दहा दिवस दिले, तर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्यांचे सुमारे एक पंचमांशाने घटतात. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना मात्र काहीच फायदा झाला नाही. एवढे स्पष्ट उत्तर हाती असूनही २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आपल्याकडे साधा ताप असलेल्यांनीही भीतीपोटी, मिळेल त्या सल्ल्याने स्टेरॉइड घेतले, जास्त डोसने घेतले, साखर न पाहता घेतले. त्यानंतर म्युकरमायकोसिसची साथ आली. मे २०२१ मध्ये केंद्राने हा आजार नोंद बंधनकारक असलेल्या आजारांत घालायला राज्यांना सांगितले आणि सर्वाधिक रुग्ण सापडलेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा बेहिशेबी वापर ही त्याची मोठी कारणे म्हणून पुढे आली. ज्या औषधाने एका खाटेवरचा जीव वाचवला, त्याच औषधाने शेजारच्या घरात डोळा आणि जबडा घेतला. फरक औषधात नव्हता, ते कोणाला, किती, किती दिवस आणि कोणत्या देखरेखीखाली दिले गेले यात होता.

आणि नेमका हाच तपशील आपल्याकडच्या कागदाच्या पुडीतून गायब असतो. ग्रामीण भागातल्या अनेक दवाखान्यांत पाकिटातून सुट्या काढलेल्या तीन-चार रंगांच्या गोळ्या पुडीत बांधून देण्याची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. त्यातली कोणती दुखण्याची, कोणती पित्ताची आणि कोणती स्टेरॉइडची, हे रुग्णाला कधीच कळत नाही. तो फक्त ‘त्या पांढऱ्या गोळीने बरं वाटतं’ एवढे लक्षात ठेवतो आणि तीच मागत राहतो. सांधेदुखीवर किंवा दम्यावर ‘हमखास गुण’ देणाऱ्या चूर्णांत आणि काढ्यांत गुपचूप स्टेरॉइड मिसळल्याची प्रकरणे देशात वारंवार उघड झाली आहेत. वर्षानुवर्षांचे दुखणे दोन दिवसांत नाहीसे करणारी आणि घटक न लिहिलेली कोणतीही पुडी संशयास्पदच समजावी. कोणी म्हणेल, आपल्या मातीत पिकणारी हळद सूज उतरवते, मग ही औषधे हवीत कशाला? हळदीतल्या कुरक्युमिनवर संशोधन चालू आहे आणि जेवणातली हळद चांगलीच आहे. पण स्टेरॉइड सोडून हळदीवर राहणे म्हणजे मूत्रपिंडे, फुप्फुसे किंवा सांधे पणाला लावणे आहे. त्वचेच्या मलमांचीही तीच कथा. गजकर्णावर आणि गोरेपणासाठी स्टेरॉइडची मलमे इतकी वापरली गेली की २०११ मध्ये देशातल्या बारा केंद्रांच्या अभ्यासात चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण ती चेहऱ्याला लावत असल्याचे आढळले. त्वचारोगतज्ज्ञांच्या पाठपुराव्यानंतर २०१८ मध्ये केंद्राने चौदा स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत घातली. स्टेरॉइडच्या गोळ्याही त्या यादीत आहेत. नियम आहे, दुकानाच्या काउंटरवर तो पाळला जातो का, एवढाच प्रश्न उरतो.

रुग्णाला औषधाची पूर्ण माहिती द्यावी, या मताला पहिला आक्षेप डॉक्टरांकडूनच येतो. दुष्परिणामांची यादी वाचून दाखवली तर रुग्ण घाबरून औषधच सोडेल, असे ते म्हणतात. भीती खरी आहे. दम्याच्या बाबतीत तर ती रोज दिसते: पंपात स्टेरॉइड आहे, त्याची सवय लागते, असे ऐकून आईबाप मुलाला पंप देत नाहीत आणि मग तो अत्यवस्थ झाला की त्याच स्टेरॉइडच्या गोळ्या आणि इंजेक्शने घ्यावी लागतात. पण ही भीती जास्त माहितीमुळे आलेली नाही, अर्धवट माहितीमुळे आली आहे. पंपातला दिवसाचा डोस दोनशे-चारशे मायक्रोग्रॅमचा असतो आणि वीस मिलिग्रॅमची गोळी म्हणजे वीस हजार मायक्रोग्रॅम. औषधे वेगळी असल्याने ही तुलना तंतोतंत नाही, पण पंपाचे औषध थेट फुप्फुसात जाते आणि उरलेल्या शरीराला फार कमी लागते, हे त्यातून कळते. पंपाला स्पेसरची नळी लावली आणि पंपानंतर खळखळून चूळ भरली की तोंडातला बुरशीचा त्रासही बहुतेक टळतो. हे आकडे सांगितलेली आई पंप टाकून देत नाही. माहिती लपवून मिळवलेला रुग्णाचा विश्वास पहिल्या दुष्परिणामालाच तुटतो. आधी सांगितलेला दुष्परिणाम मात्र रुग्णाला परत त्याच डॉक्टरकडे आणतो.

दुसरा आक्षेप गरिबीचा आहे आणि तो सर्वांत गंभीरपणे ऐकला पाहिजे. स्टेरॉइडची गोळी कपभर चहापेक्षा स्वस्त मिळते. तिच्या जोरावर बाई हळदीच्या कामाला जाऊ शकते. महागडी आधुनिक औषधे तिच्या आवाक्यात नाहीत. मग तिच्याकडून हा आधार काढून घेण्याचा अधिकार कोणाला? कोणालाच नाही, आणि माझे म्हणणे तो काढून घेण्याचे नाहीच. पण आमवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी किंवा हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही औषधेही जुनी आणि तुलनेने स्वस्त आहेत. नियमित रक्ततपासणी ठेवून ती वेळेवर सुरू केली तर स्टेरॉइडचा डोस उतरवता येतो. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांचा सल्लाही हाच आहे: स्टेरॉइड थोड्या काळासाठी वापरा आणि शक्य तितक्या लवकर कमी करून थांबवा. स्वस्त गोळीचा खरा हिशेब खुब्याची शस्त्रक्रिया, मोतीबिंदू, मधुमेह आणि मोडलेले मणके यांच्या खर्चासह मांडला, तर ती गरिबाला सर्वांत महाग पडते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत. साखर, रक्तदाब आणि डोळे यांची तपासणी तिथे मोफत होऊ शकते. गरीब माणसाला आपण स्वस्त औषध देतो, पण त्या औषधासोबतची मोफत देखरेख त्याच्यापर्यंत पोहोचवत नाही.

‘आम्ही तर चार-पाच दिवसांचाच कोर्स देतो, त्याने काय बिघडते’, हा तिसरा आक्षेप. २०१७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या पंधरा लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदी तपासल्या गेल्या. तीन वर्षांत त्यांतल्या पाचातल्या एकाला स्टेरॉइडचा छोटा कोर्स मिळाला होता. कोर्स सुरू झाल्यापासूनच्या तीस दिवसांत त्यांच्यात रक्तात जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण सुमारे पाचपट, शिरांत रक्ताची गुठळी होण्याचे तिप्पट आणि हाड मोडण्याचे जवळपास दुप्पट दिसले. अशा घटना मुळात कमी असतात, म्हणून दम्याचा झटका आलेल्याने पाच दिवसांचा कोर्स नाकारावा असा याचा अर्थ अजिबात नाही. पण सर्दी, घसा, अंगदुखी, पाठदुखी अशा आपोआप बऱ्या होणाऱ्या तक्रारींवर स्टेरॉइड देणे समर्थनीय नाही, एवढे त्यातून नक्की निघते. आणि वर्षात चार वेगवेगळ्या दवाखान्यांतून चार ‘छोटे’ कोर्स घेतलेला माणूस दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाराच ठरतो, फक्त ते त्याला किंवा त्याच्या चारही डॉक्टरांना ठाऊक नसते.

शेवटचा आक्षेप वेळेचा. बाह्यरुग्ण विभागात रांग लागलेली असताना हे सगळे समजावणार कोण? म्हणूनच सगळा भार डॉक्टरच्या जिभेवर न टाकता तो कागदावर टाकावा. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्याला खिशात ठेवायचे कार्ड देण्याची जुनी प्रथा आहे आणि २०२० मध्ये आणीबाणीसाठीचे वेगळे कार्डही सुरू झाले. हिंगोली जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग आणि २०२४ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळून असे मराठी कार्ड सहज तयार करू शकतात. त्यावर औषधाचे नाव, डोस, सुरू केल्याची तारीख, कमी करण्याचा तक्ता आणि ‘एकदम बंद करू नका’ हे ठळक अक्षरांत असावे. मागच्या बाजूला रक्तदाब, जेवणानंतरची साखर, वजन, डोळे आणि खोकला यांची नोंद करायला रकाने असावेत. आयुष्मान आरोग्य मंदिरांतले समुदाय आरोग्य अधिकारी मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांची यादी ठेवतातच, त्याच यादीत स्टेरॉइडवाल्यांचा एक रकाना वाढवता येईल. कळमनुरी आणि औंढ्याच्या आंध आदिवासी वस्त्यांत, बंजारा तांड्यांवर नुसता छापील कागद पुरणार नाही. तिथे चित्रे हवीत आणि त्यांच्या बोलीत समजावणारी आशाताई हवी. कामासाठी गाव सोडणाऱ्यांना निघण्याआधी पुरेशा गोळ्या आणि कार्ड मिळाले पाहिजे. खासगी डॉक्टरांवरही यात नवे ओझे नाही. औषधाचे जेनेरिक नाव वाचता येईल असे लिहावे, हे वैद्यक परिषदेच्या आचारसंहितेत २०१६ च्या दुरुस्तीनेच आले आहे. रुग्णहक्कांची सनद दवाखान्यात लावणे महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नियमांत २०२१ पासून आहे. अन्न व औषध प्रशासनाने विनाचिठ्ठी विक्रीवर आणि बिननावाच्या चूर्णांवर कारवाई केली, तर या सगळ्याला धार येईल.

सरकार हे करील तेव्हा करील. तोवर स्टेरॉइड घेणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे की आपले औषध आज ओळखा. पाकिटावरचे नाव प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, मिथाइलप्रेडनिसोलोन किंवा डेफ्लाझाकोर्ट असेल, तर ते स्टेरॉइड आहे. ते एकदम बंद करू नका आणि स्वतःच्या मनाने वाढवूही नका. पाकिटाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, घरातल्या एकाला तरी त्याचे नाव पाठ असू द्या, प्रत्येक नव्या डॉक्टरला, दंतवैद्याला आणि शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाला ते सांगा. पुडीत सुटी गोळी मिळाली तर नम्रपणे, पण आग्रहाने तिचे नाव लिहून मागा. नाव विचारल्याने डॉक्टरचा अपमान होत नाही, आणि जो नाव सांगायला तयार नाही त्याची गोळी घेऊ नका.